मिकीच्या हातमोज्यांचं खरं कारण कोणतं?

अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "वर्गात शिकवलं की मिकी माउसला पांढरे हातमोजे दिले, कारण ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर काळ्या अंगापुढे काळे हात दिसत नव्हते. बाहेर वाचलं की ते हातमोजे मिन्स्ट्रेल शोमधून, म्हणजे कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या नाटकांतून आले. खरं कोणतं? आणि त्या काळी सगळेच तसे होते, तर आज त्यावर एवढं बोलायचं कशाला? मला जुन्या कार्टून्सवर प्रोजेक्ट करायचा आहे."

दोन्ही कारणं खरी आहेत. पहिलं कारण सांगून थांबायची आपल्या शिक्षकांना सवय आहे, म्हणून दुसरं ऐकलं की धक्का बसतो.

आधी पहिलं बघू. 1928च्या 'स्टीमबोट विली'त मिकीच्या हातांत हातमोजे नाहीत. हातमोजे येतात 1929मध्ये, 'द ऑप्री हाउस'मध्ये. मधल्या कार्टून्समध्ये मिकी छातीसमोर हात आणतो तिथे फ्रेम थांबवून बघा, हात गायब झालेला असतो. काळ्यावर काळं. सिलुएट, म्हणजे नुसती बाह्याकृती, वाचता येत नसेल तर पोझ वाया गेली, हे तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं असेल. मिकीला उंदराचे पंजे नको होते, तो माणसासारखा वाटायला हवा होता, म्हणून हातमोजे दिले, असं खुद्द डिस्नेनेही पुढे सांगितलं आहे. इथपर्यंत वर्गातलं बरोबर.

पण हात दिसत नाहीत ही अडचण झाली. तिच्यावर हातमोजे हाच तोडगा का? फिलिक्स मांजर 1919पासून पडद्यावर होतं, नखशिखान्त काळं, आणि त्याने हातमोज्यांवाचून मूकपटांचा सगळा काळ गाजवला. फिलिक्स काढणारा ओटो मेस्मर त्याचे हात अंगाच्या बाहेर काढायचा, पोझच तशी रचायचा. दुसरं कुणी हात पांढरे ठेवले असते, कुणी पोट राखाडी केलं असतं. मागच्या बाजूला तीन काळ्या रेघा असलेले फुगीर पांढरे हातमोजे ही वस्तू चित्रकाराच्या टेबलावर जन्माला आली नाही. ती रंगमंचाच्या कपडेपटातून आली.

मिन्स्ट्रेल शो म्हणजे काय, तर 1830च्या दशकापासून अमेरिकेत गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठांभोवती मोठं तोंड रंगवून, डोळे वटारून आणि अंगापेक्षा मोठे कपडे घालून गुलामांची नक्कल करायचे. हातात पांढरे हातमोजे. गाणी, उड्या, बावळट प्रश्नोत्तरं. हा त्या देशातला पहिला खरा लोकप्रिय करमणुकीचा धंदा होता आणि तो जगभर फिरला. आपल्याकडेही आला होता. डेव्ह कार्सन नावाचा अमेरिकन नट 1860च्या दशकात मुंबई-कलकत्त्यात मिन्स्ट्रेलचे प्रयोग करायचा आणि त्याच साच्यात त्याने 'बंगाली बाबू'ची नक्कल बसवली होती. साचा तोच, त्यात माणूस कुठलाही घाला. हा साचा शंभर वर्षं टिकला. 1927च्या 'द जाझ सिंगर'मध्ये, ज्याला पहिला बोलपट म्हणून आपण पाठ करतो त्यात, अल जॉल्सन शेवटी तोंडाला काळं लावून गातो.

आता बघा, पहिले अ‍ॅनिमेटर कुठून आले? याच रंगमंचावरून. जे. स्टुअर्ट ब्लॅकटन हा लोकांसमोर खडूने झटपट चित्रं काढून दाखवणारा माणूस. 1907च्या 'लाइटनिंग स्केचेस'मध्ये तो कृष्णवर्णीयांसाठीची एक शिवी फळ्यावर लिहितो आणि तिच्या अक्षरांतून जाड ओठांचा चेहरा काढतो, मग एक ज्यू आडनाव लिहून त्यातून लांब नाकाचा चेहरा काढतो. अ‍ॅनिमेशन तेव्हा पाळण्यात होतं. विन्सर मॅकेही रंगमंचावरचाच, आणि त्याच्या 1911च्या 'लिटल निमो'तला इम्प हा जंगली पोरगा त्याच जातकुळीचा. फिलिक्स ज्याच्या स्टुडिओत जन्मला त्या पॅट सलिव्हनने 1916मध्ये 'सॅमी जॉन्सिन' ही कृष्णवर्णीय मुलाची टिंगल करणारी मालिका काढली होती.

बॉस्कोबद्दल तर वादच नको. वॉर्नर ब्रदर्सच्या लूनी ट्यून्स या कार्टून मालिकेचा पहिला नायक, 1930च्या 'सिंकिन इन द बाथटब'चा. त्याच्या जनकांपैकी ह्यू हार्मनने 1928मध्ये त्याची नोंदणी केली ती 'नीग्रो मुलगा' म्हणूनच. दिसायला तो मिकीचा भाऊ. काळं डोकं, चेहऱ्याचा पांढरा मुखवटा, मोठं तोंड, गुळगुळीत रबर होज हातपाय, म्हणजे सांधे नसलेले, रबरी नळीसारखे वळणारे. प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांना तो नेमका प्राणी कोणता हेच कळलं नसेल. पुढे हार्मन आणि त्याचा जोडीदार आयझिंग एमजीएम स्टुडिओकडे गेले, तिथे बॉस्कोला सरळ कृष्णवर्णीय मुलगा म्हणून नव्याने रेखाटलं, आणि मग सगळ्यांना 'कळलं'.

आणि 1933चं 'मिकीज मेलरड्रॅमर'. मिकी आणि मंडळी 'अंकल टॉम्स केबिन' या गुलामगिरीवरच्या कादंबरीचं नाटक बसवतात. मिकीला कृष्णवर्णीय पात्र व्हायचं आहे, म्हणून तो तोंडात फटाका फोडून घेतो. काजळी चढते आणि ओठांभोवती फिकं वर्तुळ उरतं. वेशांतर संपलं. डोळे, हातमोजे, हातपाय, काही म्हणजे काही बदलावं लागत नाही. तो शॉट बघितल्यावर मला हातमोज्यांच्या वादात फारसा रस उरला नाही. फिल्मच्या तांत्रिक गरजेने 'इथे काहीतरी पांढरं हवं' एवढंच सांगितलं. ते पांढरं कसलं असावं हे रंगमंचाने सांगितलं.

याचा अर्थ मिकी काढणारा प्रत्येक जण मनातून द्वेष करत होता असा होत नाही. भरीव काळं अंग हे धंद्याचं गणित होतं. बाह्यरेषा कमी, शाई भराभर, हालचाल ठळक. मेस्मरने फिलिक्स काळा का, याचं उत्तर असंच दिलेलं आहे. पण रंगमंचावरचा साचा या गणितात इतका चपखल बसला की तो वेगळा काढून दाखवणं अवघड होऊन बसलं. म्हणून तुमच्या प्रोजेक्टमध्ये 'आक्षेपार्ह दृश्यांची यादी' करू नका. यादीत हातमोजे येणारच नाहीत.

खरं खोदण्यासारखं आहे ते आवाज आणि चित्र यांच्यातलं अंतर. बोलपट आले आणि कार्टूनला संगीत लागलं. चांगलं संगीत होतं हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. न्यूयॉर्कमध्ये कार्टून स्टुडिओ चालवणारे फ्लायशर बंधू, स्वतः स्थलांतरित ज्यू घरातले, मॅक्सचा जन्म क्राकोचा. 1932च्या 'मिनी द मूचर'मध्ये त्यांनी कॅब कॅलोवे या कृष्णवर्णीय गायकाला आणलं. सुरुवातीला तो स्वतः, त्याचा वाद्यवृंद आणि त्याची ती सरकती, पाय जमिनीवर आहेत की नाहीत असं वाटायला लावणारी चाल. मग कार्टून सुरू होतं. त्यांच्या नायिकेचे, बेटी बूपचे, आईबाप जुन्या देशाच्या हेलात बोलतात, ती जेवत नाही म्हणून बाप ओरडत सुटतो आणि त्याचं डोकं फोनोग्राफ होऊन तेच ते वाजवत राहतं. बेटी पळून गुहेत जाते. तिथे एक भुताळी वॉलरस येतो आणि कॅलोवेच्या आवाजात गातो, कॅलोवेच्याच चालीत नाचतो. हे रोटोस्कोप आहे, मॅक्सने पेटंट घेतलेलं तंत्र. खऱ्या माणसाच्या फिल्मवरून फ्रेम-फ्रेमने रेषा काढायची.

तो वॉलरस एकेक फ्रेम करून बघा. खांदा आधी वळतो, कंबर मागून येते, हात शेवटी झुलत येतो. त्या काळातली इतर कार्टून पात्रं ठेक्यावर वरखाली उसळण्यापलीकडे फारसं करत नव्हती. वॉलरसला वजन आहे. ते वजन कॅलोवेचं आहे. इथे एका कृष्णवर्णीय कलाकाराची देहबोली अ‍ॅनिमेशनच्या व्याकरणात शिरली आणि राहिली. पुढच्या वर्षी 'स्नो-व्हाइट'मध्ये कोको विदूषकाच्या अंगात तीच चाल आहे, आणि माझ्या मते ती काही मिनिटं त्या दशकातली सर्वोत्तम आहेत.

आता त्याच स्टुडिओचं, त्याच वर्षीचं दुसरं कार्टून लावा. लुई आर्मस्ट्राँगचं 'आय'ल बी ग्लॅड व्हेन यू आर डेड यू रास्कल यू'. इथेही सुरुवातीला तो प्रत्यक्ष वाजवतो. मग जंगल, बेटीला पळवणारे नरभक्षक, आणि बेटीचे साथीदार कोको-बिंबो यांच्या मागे लागलेल्या एका नरभक्षकाचं मुंडकं हवेत तरंगतं. ते मुंडकं मोठं होत होत आर्मस्ट्राँगचा खरा, फोटोतला चेहरा बनतं, गात असलेला. जगातला त्या वेळचा सर्वात थोर ट्रम्पेटवादक, आणि चित्रात त्याची जागा ही. पैसे देऊन बोलावलेला पाहुणा आहे, गाण्याच्या नावावर कार्टून विकलं जातंय. हार्लेमच्या कॉटन क्लबची रीतही हीच होती. मंचावर कृष्णवर्णीय, टेबलांवर गोरे.

बेटीच्या आवाजाची गोष्टही इथेच सांगून टाकतो. हेलन केन या गायिकेने 1932मध्ये फ्लायशर आणि पॅरामाउंटवर दावा लावला की बेटीने आपली 'बूप-बूप' शैली चोरली. 1934मध्ये ती हरली. बचाव पक्षाने दाखवून दिलं की तिच्या आधी बेबी एस्थर ही कृष्णवर्णीय बालकलाकार तसं गात होती. त्या साक्षीने खटला स्टुडिओने जिंकला. एस्थरच्या पदरात काहीच पडलं नाही.

गॅगच्या, म्हणजे विनोदी प्रसंगाच्या, पातळीवर हे कसं चालतं, त्याचा एक नमुना मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. 1941चं 'ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू', बग्ज बनी आणि त्याच्या मागे लागलेला कृष्णवर्णीय शिकारी. बग्ज एका पोकळ ओंडक्यात शिरतो. शिकारी मागून शिरतो, बग्ज ओंडका फिरवून दुसरं तोंड कड्याच्या बाहेर आणतो, शिकारी धावत हवेत जातो, खाली बघतो, जीव मुठीत धरून परत आत. पुन्हा तेच, पुन्हा तेच. 1946च्या 'द बिग स्नूझ'मध्ये हाच प्रसंग वापरलाय, फक्त शिकाऱ्याच्या जागी बग्जचा नेहमीचा गोरा शिकारी एल्मर फड. दोन्ही शेजारी लावा. टायमिंग तेच, बग्जची रेखाटनंही तीच. एल्मर फसतो तेव्हा एल्मर फसतो. पहिल्यात मात्र त्या माणसाची फरपटणारी पावलं, लोंबता ओठ, अडखळतं बोलणं हे सगळं मिन्स्ट्रेलच्या पेटाऱ्यातून काढलेलं आहे, आणि गॅग सुरू होण्याआधीच तो मूर्ख ठरलेला आहे. गॅगला त्याची गरज नव्हती, हे पाच वर्षांनी त्याच स्टुडिओने स्वतः सिद्ध करून दिलं.

उलट 1943चं दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेटचं 'कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वार्फ्स' घ्या. त्यातलं जाड ओठ आणि फाशांचे दात असलेलं डिझाइन काढून टाकलं तर कार्टूनच उरत नाही. आणि नेमकं हेच अ‍ॅनिमेशन म्हणून अफाट आहे. क्लॅम्पेटने टीमला लॉस एंजेलिसच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या जाझ क्लबांत नेलं होतं, व्हिव्हियन डँड्रिज आणि तिची आई रूबी यांचे आवाज आहेत, पडद्यावर श्रेय मात्र नाही. 1994मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी निवडलेल्या 50 श्रेष्ठ कार्टून्समध्ये ते होतं. कौशल्य आणि अपमान इथे एकाच रेषेत आहेत. ज्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बोलता येत नाहीत त्याने हे कार्टून वर्गात दाखवू नये, असं माझं मत आहे.

आता 'त्या काळी सगळेच तसे होते'. कोण सगळे? 'कोल ब्लॅक' आलं त्याच वर्षी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने ते मागे घ्या म्हणून निषेध केला. त्याही आधी, 1931मध्ये, 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने रेडिओवरच्या 'एमॉस अँड अँडी'विरुद्ध, ज्यात गोरे नट कृष्णवर्णीयांची नक्कल करायचे, सह्यांची मोहीम काढली होती. तरी 1934मध्ये व्हॅन ब्यूरन स्टुडिओने त्याचीच कार्टून्स काढली. वॉल्टर लँट्झचं 1941चं 'स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट' पुन्हा प्रदर्शित झालं तेव्हा एनएएसीपीने पाठपुरावा केला आणि 1949मध्ये युनिव्हर्सलला ते काढून घ्यावं लागलं. जॉर्ज पालच्या जॅस्पर बाहुलीपटांवर कलिंगड आणि भित्र्या पोराच्या त्याच त्या चित्रणासाठी टीका झाली. त्याने 1946मध्ये 'जॉन हेन्री अँड द इंकी-पू' केला, ज्यात कृष्णवर्णीय लोककथेतला नायक ताठ मानेने उभा आहे, आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. त्याच सुमारास यूपीए या स्टुडिओने मोटार कामगारांच्या युनियनसाठी 'ब्रदरहुड ऑफ मॅन' काढलं, रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश यांच्या वंशभेदावरच्या पुस्तिकेवर आधारलेलं. तेव्हा त्या काळीही आक्षेप होते, पर्याय होते आणि ते वापरणारे लोकही होते. 'सगळे' म्हणताना आपण फक्त तिकीट विकणाऱ्यांना मोजतो.

टेबलामागे कोण बसलं होतं, हेही बघायला हवं. डिस्नेने 1938मध्ये नोकरी मागणाऱ्या एका मुलीला धाडलेलं पत्र प्रसिद्ध आहे: सर्जनशील काम तरुण पुरुषच करतात, बायकांसाठी सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, शाईने रेघा उतरवायचं आणि मागून रंग भरायचं काम आहे. म्हणजे पडद्यावर जी रेष दिसते ती बाईच्या हातची, पण अ‍ॅनिमेटर ती नाही. फ्लायशरकडे लिलियन फ्रीडमन 1933मध्ये अ‍ॅनिमेटर झाली, तो अपवाद. चीनमधून लहानपणी आलेल्या टायरस वाँगने 'बँबी'ची अख्खी धुकट रंगभाषा ठरवली, श्रेयनामावलीत नुसता 'बॅकग्राउंड'वाल्यांत आला. आणि डिस्नेतला पहिला कृष्णवर्णीय अ‍ॅनिमेटर मानला जातो तो फ्लॉइड नॉर्मन, साल 1956. तोवर सुवर्णयुग मावळलं होतं.

जॉर्ज हेरिमनचं मात्र मन लावून वाचा. 'क्रेझी कॅट' या चित्रपट्टीचा कर्ता. 1880मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मला, आयुष्यभर गोरा म्हणून वावरला, डोक्यावरची हॅट फोटोतही क्वचित निघायची. 1944मध्ये वारला. 1971मध्ये त्याचा जन्मदाखला सापडला, त्यावर 'कलर्ड' लिहिलेलं होतं. त्याचं ते काळं मांजर नर की मादी हे तो ठरू देत नाही, आणि मांजराचा रंग बदलला की उंदराचं वागणं बदलतं असे प्रसंग त्यात आहेत. 1916पासून क्रेझीवर कार्टून्स निघाली, पण हेरिमनला बाजूला ठेवूनच, आणि 1930च्या दशकात चार्ल्स मिंट्झच्या स्टुडिओने तर त्याचा सरळ मिकी करून टाकला. अमेरिकन व्यंगचित्रातला बहुधा सर्वात मोकळा जीव पडद्यावर आला तोच साच्यात घालून.

तुमच्या-माझ्या पिढीने टीव्हीवर 'टॉम अँड जेरी' पाहिलं, पण त्यातलं मूळ किती पाहिलं? सपाता, सैल मोजे, हातात झाडू आणि 'थॉमस!' अशी हाक. 1940च्या पहिल्याच कार्टूनपासून ती कृष्णवर्णीय कामवाली बाई आहे, आवाज लिलियन रँडॉल्फचा. तिचा चेहरा जवळजवळ कधीच दिसत नाही. 1950च्या 'सॅटर्डे ईव्हनिंग पस'मध्ये ती धावत येताना काही फ्रेम्सपुरता तो दिसतो. 1960च्या दशकात टीव्हीसाठी तिच्या जागी आयरिश हेलाची गोरी बाई रंगवली गेली, नंतर कधी नुसता आवाज बदलला. स्फोटानंतर टॉमचं तोंड काळं होऊन डोक्यावर रिबिनीच्या वेण्या येतात तो गॅगही कापला गेला. त्यामुळे एकाच कार्टूनच्या तीन-तीन आवृत्त्या फिरतात. प्रोजेक्टसाठी कोणती आवृत्ती पाहिली हे लिहाच, नाहीतर परीक्षक तुम्हाला खोटं ठरवेल. 1933च्या 'थ्री लिटल पिग्ज'चंही तसंच. लांडगा ज्यू फेरीवाल्याचं सोंग घेतो तो भाग 1948मध्ये नव्याने रेखाटला. वॉर्नरची 11 कार्टून्स मात्र युनायटेड आर्टिस्ट्सने 1968पासून टीव्हीवरून पूर्णच बाजूला ठेवली, कारण कापून काही हाती लागणार नव्हतं. वर सांगितलेला ओंडका आणि 'कोल ब्लॅक' दोन्ही त्यात आहेत.

मी स्वतः कापण्याच्या विरुद्ध आहे, पण पाच वर्षांच्या पोराला ती विनासायास यूट्यूबवर दिसावीत याच्याही विरुद्ध आहे. मोठ्यांनी मूळ प्रत बघावी.

आपल्याकडे हे सगळं अमेरिकेचं म्हणून हसून सोडता येत नाही. मी पौराणिक मालिकांवर बरीच वर्षं काम केलंय. कलर की, म्हणजे रंगांचा नमुनातक्ता, हातात आली की असुरांचा डबा वेगळा: गडद तपकिरी कातडी, जाड ओठ, कुरळे केस. देवांचा डबा वेगळा, गुलाबी गोरा. वारकरी ज्याला सावळा म्हणून आळवतात तो आमच्या मॉडेल शीटवर आकाशी निळा. एकदा विचारलं, हे ठरवलं कुणी? कुणी ठरवलं नव्हतं, मागच्या मालिकेची फाइल उघडून रंग उचलले होते. साचा असाच टिकतो.

प्रोजेक्टसाठी फार पसारा मांडू नका. 'मिनी द मूचर', आर्मस्ट्राँगचं ते कार्टून, ओंडक्याचे दोन्ही प्रसंग आणि 'जॉन हेन्री', एवढं पुरे. प्रत्येक गोष्ट एकदा आवाज बंद करून बघा आणि पात्राची पाच मुख्य पोझेस स्वतःच्या हाताने उतरवून काढा. मग स्क्रीनवर कागद ठेवून नुसतं ऐका. दोन्ही वेळची टिपणं वेगवेगळ्या पानांवर लिहा आणि ती पानं समोरासमोर ठेवूनच प्रकरणाची सुरुवात करा.